चाकोरीचे दगड : ऑरेगन वाटेवरचे सहा दिवस

भूमी अभिलेख खात्यात बत्तीस वर्षे भूकरमापक म्हणून काढल्यामुळे रस्त्याच्या कडेला रोवलेला कोणताही दगड दिसला की तो कोणी बसवला, कशाच्या आधारे बसवला आणि मागाहून कोणी सरकवला तर नाही ना, हे तीन प्रश्न माझ्या मनात आपोआप उभे राहतात. गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता डेन्व्हरला मुलीकडे होतो. तिने आठवडाभराची रजा काढून कुठे जायचे असे विचारले तेव्हा तिच्या मनात यलोस्टोन होते. मी मात्र नकाशावर प्लॅट नदीच्या काठाने पश्चिमेकडे गेलेल्या एका तुटक रेषेवर बोट ठेवले. सौ.ने नातवाकडे लक्ष द्यायचे कबूल केले आणि आम्ही बापलेक निघालो.

ती रेषा ऑरेगन वाटेची होती. १८४० च्या दशकापासून १८६९ मध्ये खंडपार रेल्वे पुरी होईपर्यंत मिझुरीतील इंडिपेन्डन्सपासून ऑरेगन सिटीपर्यंतचे सुमारे दोन हजार मैल लोक बैलगाड्यांनी तोडत होते. कॅलिफोर्निया आणि युटाकडे जाणारे धरले तर या वाटेने गेलेल्यांची संख्या तीन ते चार लाखांच्या घरात जाते. १९७८ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वाटेचा दर्जा मिळाला. पण तिच्या कडेचे दगड त्याच्या कितीतरी आधीपासून उभे आहेत आणि मला पाहायचे होते ते तेच. सबंध वाट आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून नेब्रास्काच्या पश्चिम टोकापासून वायोमिंगमधल्या साउथ पासपर्यंतचा मधला तुकडा आम्ही निवडला.

पहिला दिवस

डेन्व्हरहून ओगलालापर्यंत साडेतीन तास सरळसोट महामार्ग आहे, त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तिथून २६ क्रमांकाच्या रस्त्याला लागल्यावर जमीन हळूहळू मोडू लागते आणि ॲश हॉलोपाशी ती एकदम खाली कोसळते. या उतरणीचे नाव विंडलास हिल. विंडलास म्हणजे दोर गुंडाळायचा रहाट. पण हे नाव मागाहून पडलेले आहे. गाड्या घेऊन येणारे लोक चाकांना साखळदंड घालून ती जाम करीत आणि मागून दोर धरून गाडी तोलत तोलत खाली सोडीत. सुमारे तीनशे फुटांचा हा उतार काही ठिकाणी पंचवीस अंशांचा आहे. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढताना माझाच दम उखडला, तेव्हा भरलेली गाडी घेऊन उतरणाऱ्यांचे काय झाले असेल, हे निराळे सांगायला नको.

वरून पाहिले तर जमिनीत खोल ओघळी पडलेल्या दिसतात. चाकांनी गवत खरवडले आणि पुढचे काम पावसाने केले. 'चाकोरी' हा शब्द आपण नोकरीसंबंधाने आणि कंटाळ्यासंबंधाने इतका वापरला आहे, की तो मुळात चाकाने पाडलेल्या चराचा आहे, हे आपल्या लक्षातही राहत नाही. मला तो शब्द त्याच्या मूळ अर्थाने बऱ्याच वर्षांनी वापरावा लागला, कारण मुलीने "बाबा, ह्या रट्सना मराठीत काय म्हणतात?" असे विचारले.

खाली लहानशा दफनभूमीत रेचल पॅटिसनची कबर आहे. वय अठरा, मृत्यू १९ जून १८४९. लग्न त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाले होते. कारण पटकी. १८१७ मध्ये बंगालातून बाहेर पडलेली पटकी १८३२ मध्ये अमेरिकेत पोचली आणि १८४९ च्या लाटेत प्लॅटच्या काठाने गाड्यांबरोबर चालू लागली. माझ्या लहानपणी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाच्या शिवेवर मरीआईचा शेंदूर लावलेला दगड होता आणि पटकीच्या साली तिचा गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलून देत, असे आजी सांगे. त्याच रोगाचा दगड मी साता समुद्रांपलीकडे पाहत होतो. इथे मात्र रोग पुढे ढकलायला पुढचे गावच नव्हते. माणसाला पुरून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपायची, एवढेच करता येत होते.

ल्यूएलनच्या बाजूला ब्लू वॉटरच्या प्रसंगाचा फलक आहे. नेब्रास्काचे हे फलक ओतीव ॲल्युमिनियमचे असतात, वर राज्याची मुद्रा आणि खाली दाट मजकूर. ३ सप्टेंबर १८५५ रोजी जनरल विल्यम हार्नी याच्या सैन्याने लाकोटा या मूलनिवासी जमातीतल्या लिटल थंडर या नायकाच्या वस्तीवर हल्ला केला आणि ८६ जण मारले. त्यांत बायका आणि मुलेही होती. याला कितीतरी वर्षे 'ॲश हॉलोची लढाई' म्हणत असत. साउथ डाकोटातल्या सर्वांत उंच शिखराला या हार्नीचे नाव होते, ते २०१६ मध्ये काढून ब्लॅक एल्क असे करण्यात आले. या हल्ल्याचे कारण मात्र आमच्या वाटेवर दोन दिवसांनी येणार होते, कारण आम्ही नदीच्या क्रमाने चाललो होतो, इतिहासाच्या नव्हे.

दुसरा दिवस

मुक्काम ब्रिजपोर्टला होता. सकाळी कोर्टहाउस रॉक आणि जेल रॉक लांबूनच पाहिले. चिमणी रॉक या वाटेवरच्या रोजनिशांत सर्वांत जास्त वेळा येणारी खूण आहे. पायथ्यापासून टोकापर्यंत जेमतेम तीनशे फूट भरणारा हा सुळका ज्यांना दोन-तीन दिवस आधीपासून दिसत असे, त्यांना तो किती मोठा वाटला असेल ते समजते. पण हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्या माणसाने इथे फार भारावून जाण्याचे कारण नाही.

मला खरा रस होता तो रस्त्याच्या कडेच्या ग्रॅनाइटच्या ठेंगण्या दगडांत. १९१२ ते १९१४ या काळात नेब्रास्का राज्य आणि 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही स्त्रियांची संस्था यांनी मिळून ते बसवले. नेमकी जागा ठरवण्याचे काम राज्याचे सर्व्हेयर रॉबर्ट हार्वे यांनी केले आणि त्यांनी ते ऐकीव गोष्टींवर न सोडता सरकारी जमीन-मोजणीच्या जुन्या नोंदींवरून केले. मैलामैलाच्या चौकोनांत देश आखताना मोजणीदाराची साखळी जिथे जिथे गाडीवाट ओलांडून गेली, तिथे तिथे त्याने टिपणात तशी नोंद केली होती. त्यांची साखळी ६६ फुटांची, आमची ३३ फुटांची सोळा आण्यांची, आणि तिच्याच वर्गातून आमचा गुंठा निघाला. माझ्या आयुष्यातली उन्हे ज्या साखळीमागे गेली, तिची थोरली बहीण इथे या वाटेवरून गेली होती, हे कळल्यावर तो दगड मला एकदम नात्यातला वाटला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही दगडाला नमस्कार केलात." मी केला नव्हता, गुडघे टेकून पायथा पाहत होतो. पण वाद घातला नाही.

दुपारी स्कॉट्सब्लफच्या पूर्वेला रेल्वेच्या रुळांपाशी रिबेका विंटर्सची कबर पाहिली. या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ कुठे थांबलो असेन तर इथे. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबातली ही बाई युटाकडे जाताना १५ ऑगस्ट १८५२ रोजी पटकीने गेली. बाकीच्यांच्या कबरींवर लाकडी फळ्या लावल्या जात आणि त्या एक-दोन हिवाळ्यांत नाहीशा होत. विंटर्स कुटुंबाचा मित्र विल्यम रेनल्ड्स याने गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, छिन्नीने तिच्यावर रिबेकाचे नाव आणि पन्नास हे वय कोरले आणि ती कमानीसारखी वाकवून कबरीवर रोवली.

गाडीच्या चाकाला तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्यांना आवळून धरणारी धाव असते, हे नव्या पिढीला सांगावे लागते. धाव बसवताना ती गोवऱ्यांच्या रिंगणात लाल होईपर्यंत तापवतात, सांडशींनी उचलून चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आवळते आणि सगळे सांधे करकरून घट्ट बसतात. आमच्या लोहाराच्या दारात हा सोहळा पाहायला आम्ही पोरे शाळा बुडवत असू. या वाटेवरच्या कोरड्या हवेत लाकूड आटायचे आणि धाव सैल व्हायची. मग लोक रात्री चाके नदीत भिजत ठेवीत किंवा फटींत लाकडी पाचरी ठोकीत. आमच्याकडेही उन्हाळ्यात चाके ओढ्यात टाकून ठेवत. अशा परिस्थितीत ज्याने एक धाव कबरीसाठी दिली, त्याने किती मोलाची वस्तू दिली हे ज्याने बैलगाडी वापरली आहे त्याला चटकन कळेल. कोरलेली अक्षरे सारख्या उंचीची नाहीत. लोखंडावर छिन्नी घसरते, शिवाय वाकलेल्या पट्टीवर ओळ सरळ राखणे अवघडच आहे.

१८९९ मध्ये रेल्वेची आखणी करणाऱ्या मोजणीदारांना ही धाव गवतात सापडली. आखलेली ओळ कबरीवरून जात होती, ती त्यांनी बाजूला सरकवली. पुढे रुळांच्या इतक्या जवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जिवाला धोका आहे, म्हणून १९९५ मध्ये वंशजांच्या उपस्थितीत अवशेष थोड्या अंतरावर हलवण्यात आले. एका कबरीसाठी आधी रूळ हलले आणि शंभर वर्षांनी रुळांसाठी कबर हलली. माझ्या नोकरीत मी एका थडग्यासाठी कालव्याची ओळ चार फूट सरकवण्याची शिफारस केली होती. ती वरून नामंजूर होऊन आली होती.

संध्याकाळी मिचेल पासमधून चालत गेलो. खिंड अरुंद असल्यामुळे गाड्यांना एकामागे एकच जावे लागे.

तिसरा दिवस

मॉरिलच्या पश्चिमेला हॉर्स क्रीकच्या कराराचा फलक आहे. १८५१ च्या सप्टेंबरात इथे सुमारे दहा हजार मूलनिवासी जमले होते आणि वाटसरूंना वाट द्यावी, बदल्यात सरकारने दरवर्षी माल द्यावा असे ठरले होते. तीनच वर्षांत, १९ ऑगस्ट १८५४ रोजी, ते मोडले, आणि ज्या कारणाने मोडले ती एक गाय होती. एका मॉर्मन वाटसरूची मागे पडलेली गाय एका लाकोटाने मारून खाल्ली. नायक काँकरिंग बेअर बदल्यात आपला घोडा द्यायला तयार होता. तरीही लेफ्टनंट ग्रॅटन एकोणतीस शिपाई, दुभाषा आणि दोन तोफा घेऊन वस्तीत शिरला. गोळीबारात नायक जबर जखमी होऊन पुढे मेला आणि ग्रॅटनच्या तुकडीतला कोणीही जगला नाही. परवा पाहिलेल्या ब्लू वॉटरचा हल्ला हा याचा सूड होता.

लिंगलजवळच्या रस्त्यावर, बीटच्या शेतांच्या मधोमध, या प्रसंगाची खूण आहे. जुन्या लिखाणात या प्रसंगाला 'कत्तल' म्हटले गेले आणि बायकामुले मारली गेलेल्या दुसऱ्या प्रसंगाला 'लढाई'. १८४० ते १८६० या वीस वर्षांत वाटेवर मूलनिवाशांच्या हातून ३६२ वाटसरू आणि वाटसरूंच्या हातून ४२६ मूलनिवासी मारले गेले, असा अभ्यासकांनी काढलेला हिशेब आहे. रोगाने आणि अपघाताने गेलेल्यांच्या मानाने हे दोन्ही आकडे फार लहान आहेत. केवळ दगडांवरून इतिहास शिकणाऱ्याचा मात्र याच्या अगदी उलट समज होईल.

फोर्ट लॅरमी व्यवस्थित राखलेले आहे. १८३४ चे हे व्यापारी ठाणे सैन्याने १८४९ मध्ये विकत घेतले. 'ओल्ड बेडलॅम' ही त्याच वर्षीची इमारत वायोमिंगमधली उभी असलेली सर्वांत जुनी इमारत समजतात. दीड तास फिरलो आणि निघालो, कारण ऊन कलण्याआधी मला गर्न्झी गाठायचे होते.

गर्न्झीच्या दक्षिणेला नदी आणि टेकडी यांच्या बेचक्यात सगळ्या गाड्यांना एकाच वालुकाश्माच्या कण्यावरून जावे लागे. दगड मऊ, जागा अरुंद आणि गाड्या हजारो. त्यामुळे इथली चाकोरी काही ठिकाणी पाच फूट खोल आहे. मी आत उतरलो तेव्हा दगडाची कड माझ्या छातीपर्यंत आली. भिंतीला हात लावला की तुंबा घासून गेलेली गुळगुळीत जागा लागते आणि तिच्या वर पुन्हा खडबडीत दगड. इथला गाडीवान गाडीत बसत नसे. आपल्याकडे तो पुढे बैलांच्या पाठीशी बसून कासरे धरतो. इथे तो बैलांच्या डाव्या अंगाने हातात चाबूक घेऊन चालत असे आणि त्याची बायकामुलेही बहुधा चालतच असत, कारण गाडी पीठ, खारवलेले मांस आणि अवजारे यांनीच भरलेली असे. दिवसाला पंधरा मैल, आणि असे चार ते सहा महिने. मुलगी चाकोरीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून आली आणि काही बोलली नाही.

चौथा दिवस

कॅस्परहून २२० क्रमांकाच्या रस्त्याने तासाभरात इन्डिपेन्डन्स रॉक येतो. माळावर उपडा घातलेल्या कढईसारखा हा ग्रॅनाइटचा खडक सुमारे १३० फूट उंच आहे आणि त्याला फेरी मारायची तर मैलाहून जास्त चालावे लागते. ४ जुलैपर्यंत इथे पोचले तर पुढच्या डोंगरांत हिमवर्षाव गाठणार नाही, असा हिशेब असे. फादर दी स्मेट यांनी १८४० मध्ये याला वाळवंटातली हजेरीवही म्हटले, ते यथार्थ आहे. ज्यांच्याकडे छिन्नी होती त्यांनी नावे कोरली. बाकीच्यांनी गाडीच्या आसाखाली लटकवलेल्या भांड्यातले डांबर आणि चरबीचे वंगण बोटाने किंवा काडीने फासले. कोरलेली टिकली, फासलेली बहुतेक धुऊन गेली. अनवाणी पोरासारखा चारी हातापायांनी मी वर चढलो, हे सौ.ला सांगायचे नाही असे आमचे ठरले होते. आता हे छापून येणारच आहे तर असो.

पुढे जेफ्री सिटीच्या पलीकडे आइस स्लूचा फलक आहे. तिथल्या दलदलीत उन्हाळ्यातही वीतभर मातीखाली बर्फ सापडत असे. आम्हाला नुसते गवत दिसले. मुक्काम लँडरला केला.

पाचवा दिवस

साउथ पास म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे खंबाटकी किंवा वरंधा उभा राहिला होता. प्रत्यक्षात ७,४१२ फुटांवरची ही सुमारे वीस मैल रुंदीची खिंड इतकी सपाट आहे, की आपण खंडाचा पाणलोट ओलांडला हे त्या काळच्या लोकांनाही पुढे पॅसिफिककडे वाहणारा झरा लागेपर्यंत कळत नसे. २८ क्रमांकाच्या रस्त्यावरून डावीकडे कच्च्या रस्त्याला वळलो. रात्री पाऊस झाला होता. शाडूसारख्या चिखलात चाक फिरू लागले तेव्हा गाडी कोरड्या उंचवट्यावर ठेवून आम्ही उरलेले अंतर चालत गेलो. मी चालताना डाव्या अंगाने चाललो.

तिथे दोन दगड आहेत. पहिल्यावर 'ओल्ड ऑरेगन ट्रेल' आणि १८४३–५७ एवढेच कोरलेले आहे. तो एझरा मीकर यांचा. १८५२ मध्ये एकविसाव्या वर्षी बायको आणि तान्हा मुलगा घेऊन ते या वाटेने पश्चिमेला गेले होते. पुढे हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या, शेतीत पैसा मिळवला आणि किडीने तो गमावला. लोक ही वाट नांगरून टाकत आहेत या काळजीने १९०६ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, ते ट्विस्ट आणि डेव्ह हे बैल जुंपून उलट, पूर्वेकडे निघाले आणि गावोगाव वर्गणी जमवून दगड बसवत गेले. ट्विस्ट नेब्रास्कात मेला. त्याच्या जागी डँडी आला. गाडी थेट वॉशिंग्टनपर्यंत गेली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बाहेर येऊन बैल पाहिले. पुढे मोटारीने आणि १९२४ मध्ये विमानानेही त्यांनी ही वाट पाहिली. १८५७ नंतरही गाड्या जातच होत्या, त्यामुळे दगडावरचे दुसरे साल बरोबर नाही. पण ज्याने ही वाट स्वतः तुडवली आहे त्याच्या सालाला मी हरकत घेणार नाही.

दुसरा दगड कॅप्टन निकरसन यांनी १९१६ मध्ये बसवला. नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग या ४ जुलै १८३६ रोजी ही खिंड ओलांडणाऱ्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया, असे त्यावर लिहिले आहे. त्यात 'गोऱ्या' हा शब्द आहे हे बरेच झाले. शोशोनी बायका त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून याच खिंडीतून जात-येत होत्या आणि त्यांतल्या पहिलीचे नाव कोणाला सांगता येणार नाही.

परत डांबरी रस्त्याला लागून फार्सनच्या दिशेने निघालो आणि ज्या दगडासाठी मी खरा आलो होतो तिथे उतरलो. 'पार्टिंग ऑफ द वेज', म्हणजे वाटा फुटतात ती जागा. डावीकडची वाट फोर्ट ब्रिजरकडे, तर उजवीकडची सब्लेट कटऑफ. उजवीकडे गेले तर काही दिवस वाचत, पण ग्रीन नदीपर्यंत पन्नास मैलांच्या आसपास पाणी नसे. इथे कुटुंबे वेगळी झाली, एकाच गाडीतले भागीदार भांडून सामान वाटून निघून गेले. महामार्गाच्या कडेच्या या दगडावर तसे स्पष्ट लिहिले आहे आणि समोर माळावर दोन वाटा फुटलेल्या डोळ्यांना दिसतातही.

मात्र दगड चुकीच्या जागी आहे. खरी जागा इथून सुमारे दहा मैल पश्चिमेला, कच्च्या रस्त्याने आत आहे, आणि ही चूक सांगणारा दुसरा फलक इथेच पहिल्याच्या शेजारी लावलेला आहे. मुलगी म्हणाली, "चुकलाय हे कळलंय, तर काढत का नाहीत?" मी तिला आमच्या नकाशावरच्या दुरुस्तीची रीत सांगितली. चुकलेली रेघ खरवडायची नसते. तिच्यावर तांबड्या शाईने काट मारायची, बरोबर रेघ शेजारी काढायची आणि खाली सही व तारीख घालायची, म्हणजे पुढच्या माणसाला चूक आणि दुरुस्ती दोन्ही वाचता येतात. तिला ते पटले की नाही, ते कळले नाही; ती पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेली.

मी डावीकडच्या चाकोरीने दोनशे पावले मोजत गेलो. ती साउथ पास सिटीहून ग्रीन रिव्हर गावाकडे जाणाऱ्या नंतरच्या टपालगाड्यांची वाट होती आणि दगड बसवणारे फसले ते तिच्यामुळेच. सेजच्या झुडपांमधून दोन समांतर चर अगदी सरळ दक्षिणेला गेले होते. मधल्या पट्ट्यात गवत जास्त उंच वाढले होते. खऱ्या जागेकडे जाण्याइतका रस्ता वाळला नव्हता, तेव्हा वहीत दोन्ही फलकांतले अंतर पावलांत लिहून घेतले आणि रॉक स्प्रिंग्सला मुक्काम केला.

सहाव्या दिवशी ८० क्रमांकाच्या महामार्गाने दुपारी डेन्व्हरला घरी पोचलो.